कंटाळ्यासकट निघा

संक्रांत कितीतरी आठवडे लांब असते, तेव्हाच आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. दिवसभर दुकानात, कारखान्यात, कचेरीत राबलेली माणसं एका जागी जमतात. एकेक जण पुढे होतो, तो उंच, जड ध्वज पेलून काही पावलं चालतो आणि दमला की दुसऱ्याच्या हवाली करतो. भोगीच्या दिवशी असेच सात नंदीध्वज बाराबंदी घातलेल्या भक्तांच्या संगतीनं निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. तो पल्ला अंगात ताकद असल्याशिवाय निभत नाही, आणि ती ताकद त्या आठवड्यांच्या सरावातून आलेली असते.

हा सराव मी लहानपणापासून पाहत आलो. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात यायला पन्नाशी उजाडावी लागली. तिथं जमणाऱ्या कुणालाही "आज यावंसं वाटतंय का?" असं कोणी विचारत नाही. कंटाळा त्यांनाही येत असणार. यंत्रमागावर पाळी करून आलेल्या माणसाला कंटाळा येणार नाही तर कुणाला येईल? पण जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, आपल्या हातातून ध्वज घ्यायला कुणीतरी उभं असतं आणि यात्रेची तारीख काही पुढे ढकलता येत नाही. म्हणून माणूस कंटाळ्यासकट येतो. अंग गरम झालं की कंटाळा मागे पडतो.

"कळतं हो सगळं, पण व्यायामाला मनच होत नाही," असं सांगणारे कितीतरी जण मला भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की मन होण्याची वाट पाहू नका. मन आधी होतं आणि पाय मग उचलतात, असा आपला समज आहे. बहुतेक वेळा पाय आधी उचलावे लागतात.

हे मी अनुभवानं सांगतो आहे. लागोपाठ दोन वर्षं मी जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरली आणि दोन्ही वेळा फेब्रुवारीत जाणं थांबलं. पुढे रक्ततपासणीत साखर काठावर आली. डॉक्टरांनी समजावलं, मी घाबरलो आणि त्या भीतीच्या जोरावर तीन आठवडे रोज चाललो. चौथ्या आठवड्यात भीती ओसरली, चालणंही ओसरलं. उत्साहासारखीच भीतीही फार दिवस पुरत नाही, हे तेव्हा कळलं. शेवटी टिकलं ते एका साध्या गोष्टीमुळे. शेजारच्या घरातले निवृत्त गृहस्थ रोज पहाटे कंबर तलावाकडे फिरायला जात. एक दिवस त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. दुसऱ्या दिवशीही वाजवली. दारात उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला "आज नको" म्हणणं जड जातं. त्या कडीनं जे केलं, ते फी आणि भीती दोघींना जमलं नव्हतं.

आपल्या घरातला जुना शब्द

प्रेरणा हा शब्द व्यायामाच्या बोलण्यात आता फार येतो. आपल्या आजीकडे त्याहून कामाचा शब्द होता: नेम. एकादशी आली की ती उपास करायची. आज उपास करावासा वाटतोय का, हा प्रश्न तिच्या मनातच येत नसे. श्रावणी सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांना पावसानं अडवलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. नेमात दिवस ठरलेला असतो, कृती ठरलेली असते आणि रोज नव्यानं निर्णय घ्यायचा नसतो. व्यायामात आपण नेमकं उलट करतो. रोज सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या स्वतःशी वाद घालतो: जाऊ की नको, आता की संध्याकाळी, आज की उद्यापासून. त्या वादात अंथरूणच जिंकतं.

आषाढी वारी आपल्याच जिल्ह्यात येऊन पोचते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरीला येते. आळंदीपासून साधारण अडीचशे किलोमीटरची ती वाट. त्यात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतात. श्रद्धा तर आहेच, पण सोहळ्याची घडीही पाहण्यासारखी आहे. पहाटे कर्णा वाजतो, माणसं आवरायला लागतात. दुसऱ्या कर्ण्याला दिंड्या रस्त्यावर येतात. तिसऱ्याला पालखी हलते. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, प्रत्येकाची त्यात जागा आहे. आज किती चालायचं हे कुणाला ठरवावं लागत नाही.

आपल्या व्यायामालाही असे तीन कर्णे लावता येतात. रात्री झोपण्यापूर्वी बूट, मोजे आणि कपडे दाराशी काढून ठेवणं हा पहिला. सकाळी तोंड धुतलं की चहाच्या आधी ते कपडे अंगावर चढवणं हा दुसरा. दाराबाहेर पडणं हा तिसरा. तिसऱ्याच्या पुढे काय होईल याचा विचार पहिल्या पंधरवड्यात करूच नका. चौकापर्यंत जाऊन परत आलात तरी तो दिवस जमा धरा.

किती दिवसांत अंगवळणी पडतं

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे लक्ष ठेवून हे मोजलं. एखादी कृती आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यांना आढळलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. रोज एक पेला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. म्हणजे तीन आठवड्यांनीही तुम्हाला अंथरुणातून उठणं जड जात असेल, तर तुमच्यात काही उणं नाही, मुदत अजून भरलेली नाही. संक्रांतीला सुरुवात केली तर गुढीपाडव्यापर्यंत धरून राहायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी हा हिशेब बसतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे लग्न असतं, पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, परगावी जावं लागतं. एक दिवस चुकला की "आता मोडलंच" म्हणून माणूस सगळं सोडून देतो. खरं नुकसान त्या सोडण्यानं होतं. मी स्वतःला एकच बंधन घालून घेतलं आहे: एक दिवस चुकेल, लागोपाठ दोन चुकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटं मिळाली तरी ती करायची.

२००२ साली ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. एकाला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे पटवून दिले. तिसऱ्याला ते पटवून दिलंच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून काढायला लावलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. नुसतं पटवून देण्यानं काहीच वाढलं नाही. वेळ आणि जागा लिहिल्यानं वाढलं. म्हणून तुम्हीही लिहा. "मी रोज व्यायाम करीन" हे चालणार नाही. "सकाळी सहा वाजता, पार्क चौकापासून हुतात्मा बागेपर्यंत आणि परत" असं लिहा. दाते पंचांग आपल्याच गावातून निघतं. बहुतेक घरांत ते किंवा एखादी दिनदर्शिका भिंतीवर असतेच. झालेल्या दिवशी तिथं तारखेवर खूण करा. घरच्यांच्या नजरेसमोर राहणारी ती खूण मोबाइलमधल्या आकड्यापेक्षा जास्त काम करते, असा माझा अनुभव आहे.

सोलापूरच्या अडचणी, सोलापूरचे उपाय

दुसऱ्या गावात लिहिलेला सल्ला इथं तसाच चालत नाही. आपल्याकडे कित्येक भागांत नळाला चार-चार दिवसांआड पाणी येत आलं आहे. पाणी आलं की घरातल्या सगळ्यांचा, विशेषतः बायकांचा, दिवस त्यातच जातो. सकाळचं फिरणं पहिलं बळी पडतं. याची तजवीज आधीच करून ठेवा: "पाणी सकाळी आलं, तर त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता गच्चीवर वीस मिनिटं." पाण्याच्या दिवशी हंडे-बादल्या उचलण्यातच सगळा व्यायाम झाला असं समजू नका. त्यात कंबर वाकते, पण पाय मोकळे होत नाहीत.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दोन महिन्यांची सवय उन्हाळ्यात तुटते. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमाराला उजाडतं. तेव्हा साडेपाचला निघून साडेसहापर्यंत घरी यावं. जानेवारीत सात वाजता उजाडतं, तेव्हा वेळ बदलावी. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावं, आल्यावर मीठ घातलेलं ताक घ्यावं. मात्र रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ताक बिनमिठाचं. फार तापलेल्या दिवसांत बाहेर जाऊच नये, घरातच करावं.

घरात करायला सूर्यनमस्कारासारखी सोय नाही. आपल्या सांगोल्याला लागून असलेलं आटपाडी एके काळी औंध संस्थानात होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आधी दहाएक वर्षं सँडोच्या पद्धतीचा, साधनांचा व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींकडून ते करून घेतले. सूर्यनमस्काराला फी लागत नाही, यंत्र लागत नाही. सोलापुरी चादर अंथरता येईल एवढी जागा असली की झालं. पहिल्या आठवड्यात तीन घाला, चौथ्यापर्यंत बारा. गुडघे किंवा मनगटं दुखत असतील तर त्याऐवजी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दहा रेटे आणि टाचा उचलून वीस वेळा चवड्यांवर उभं राहणं एवढंही चांगलं.

पूर्व भागात घरोघर विड्या वळणाऱ्या बहिणींना मला वेगळं सांगायचं आहे. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसण्यानं पाठ, मान आणि गुडघे धरतात. तुमच्या कष्टाला व्यायामाची जोड हवी असं कुणी सांगितलं तर राग येणं स्वाभाविक आहे. पण काम म्हणजे एकाच अवयवाला पुन्हापुन्हा ताण, आणि व्यायाम म्हणजे बाकीच्या अंगाला मिळालेला न्याय. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, तर शंभर विड्या झाल्या की एकदा उठा. खांदे मागे फिरवा, मान हळूच दोन्हीकडे वळवा, दारापर्यंत चालून या. दोन मिनिटं लागतात आणि हजाराला दहा वेळा उठणं होतं. यंत्रमागावर उभ्यानं पाळी करणाऱ्यांचं दुखणं उलट असतं. त्यांनी घरी आल्यावर दहा मिनिटं पाय भिंतीला उंच लावून पडावं, पोटऱ्या ताणाव्यात आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या हवेत चालावं.

जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नव्हते. बायकांचा आकडा मोठा आहे याचं कारण आळस नाही. स्वतःसाठी घराबाहेर पडायला त्यांना वेळ आणि संमती दोन्ही मागावी लागते. म्हणून घरातल्या पुरुषांना सांगतो: सकाळचा चहा तुम्ही करा आणि तिला अर्धा तास मोकळा द्या. हेही तुमच्याच घराचं आरोग्य आहे. गल्लीतल्या चार-पाच जणींनी मिळून जायचं ठरवलं तर पहाटेच्या अंधाराची भीती कमी होते आणि घरातून आडकाठीही कमी होते.

किती आणि कसं

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. रोजची बावीस मिनिटं झाली तरी १५० भरतात. मध्यम जोर ओळखायची खूण सोपी आहे. चालताना सोबत्याशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. दहा हजार पावलांचा आकडा मनावर घेऊ नका. तो १९६५ च्या सुमाराला जपानात विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक राहिला नाही.

पहिले दोन महिने वजनकाट्यावर उभं राहू नका. वजन हळू उतरतं, शेंगापोळीच्या दिवसांत तर चढतंही, आणि काटा पाहून मन खचतं. आधी बदलतात त्या इतर गोष्टी: झोप गाढ लागते, जिना चढताना धाप कमी लागते, पोट वेळेवर साफ होतं. त्यांची नोंद ठेवा. आवडती गाणी किंवा कीर्तन फक्त चालतानाच ऐकायचं असं ठरवलं, तर त्या ओढीनंही पाय निघतात.

आणि लेझीम विसरू नका. मिरवणुकीआधी आपल्याकडे ताफ्यांचा सराव चालतो. हलगीच्या ठेक्यावर अर्धा तास लेझीम खेळलेल्या पोराला वेगळा व्यायाम लागत नाही. चालणं रटाळ वाटत असेल तर मंडळाच्या सरावाला उभे राहा, मुलांबरोबर क्रिकेट खेळा, तालमीत जाऊन जोर-बैठका शिका. आवडीचा व्यायाम सर्वांत जास्त टिकतो.

काही सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. छातीत दुखणं, दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच विचारावं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना खाली जाऊ शकते, त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि अनवाणी कधी चालू नये.

आणखी एक. मन न होण्यामागे दर वेळी आळस नसतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं दाखवलं आहे. रक्तच कमी असेल तर पायऱ्या चढताना जीव जाणारच. आधी हिमोग्लोबिन तपासा, थायरॉईडही तपासा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ व्यायामच काय, जेवण, माणसं, गाणी कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषधोपचार आहेत. त्या माणसाला "जरा फिरून ये, बरं वाटेल" एवढंच सांगून सोडू नका, सोबत डॉक्टरांकडे जा.

माझ्या दाराची कडी वाजवणारे ते शेजारी आता गुडघ्यांमुळे लांब चालत नाहीत, तलावापर्यंत येऊन बाकावर बसतात. त्यांना घ्यायला पहाटे मी जातो. तुमच्या गल्लीतही व्यायाम सुटलेला एखादा माणूस असेलच. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि विचारा, "उद्या सहाला निघूया का?"